लॅब पूर्ण होते, पण रिकाम्या राउटरपुढे हात थांबतात

पत्र:

सीसीएनएच्या, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या, परीक्षेची तारीख घेतली आहे. हातात साधारण दोन महिने उरलेत. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास असं चाललंय. एका सराव-पुस्तिकेतल्या राउटर कॉन्फिगरेशनच्या जवळजवळ सगळ्या लॅब मी पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरवर केल्या आहेत. पायऱ्या वाचत गेलं की सगळं जमतं, शेवटी पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी चाचणी) जातो आणि खाली १०० टक्के दिसतात. पण परवा मी स्वतःहून रिकामी टोपोलॉजी (नेटवर्कची आकृती) उघडली, तीन राउटर ठेवले, केबल जोडल्या आणि तिथेच अडकले. पहिल्या दोन ओळींनंतर काय लिहायचं तेच सुचेना. मैत्रीण म्हणते, अजून लॅब कर. एक सहकारी म्हणतो, सिम्युलेटरवर काही खरं शिकून होत नाही, जुने राउटर विकत घे. दुसऱ्याने परीक्षेतल्या प्रश्नांचा म्हणून एक संच पाठवलाय आणि तो पाठ कर म्हणतोय. मला मात्र एकच शंका खातेय. इतक्या लॅब करूनही हे होत असेल, तर मला हे जमणारच नाही का?

– तीन राउटरांपुढे अडलेली

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेत. तुम्हाला हे जमेल. अडचण तुमच्या कुवतीत मला कुठेच दिसत नाही, सरावाच्या पद्धतीत दिसते. पायऱ्या लिहून दिलेल्या लॅबमधलं सगळ्यांत अवघड काम पुस्तिकेनेच करून ठेवलेलं असतं, ते म्हणजे आता पुढे काय करायचं हे ठरवणं. तुमच्या वाट्याला टाइप करणं उरतं. ते तुम्ही मन लावून केलंत, म्हणून आदेश बोटांवर आलेत. ठरवण्याची वेळ मात्र तुमच्यावर कधी आलीच नव्हती. परवा ती पहिल्यांदा आली आणि तुम्ही थांबलात, यात घाबरण्यासारखं काही नाही.

तेव्हा नव्या लॅब आता बंद करा. केलेल्यांपैकीच पाच-सहा निवडा आणि त्या वेगळ्या रीतीने करा. एंटर दाबण्याआधी राउटर काय करेल ते कागदावर लिहायचं. लॅब चालू झाली की ती आपल्याच हाताने मोडायची. मोडलेली दुरुस्त करताना कारण शब्दांत सांगता येईपर्यंत उठायचं नाही. पिंग गेला तेव्हा लॅब निम्मी झाली असं समजा.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून तुमच्याच तीन राउटरांवर करून बघू.

कागदावर आर१, आर२, आर३ एका ओळीत काढा. आर१ च्या मागे १०.१.१.०/२४ चं लॅन आणि आर३ च्या मागे १०.३.३.०/२४ चं. आर१ आणि आर२ मधल्या जोडणीला १०.०.१२.०/३०, आर२ आणि आर३ मधल्या जोडणीला १०.०.२३.०/३०. दोन्ही लॅनमध्ये एकेक पीसी ठेवा आणि त्यांना आयपी पत्ता नि डीफॉल्ट गेटवे द्या. अजून कुठलाही राउटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) नाही, फक्त स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेली वाट. पुढच्या वेळी याच आकृतीला वेगळे पत्ते द्या, तेही स्वतः सबनेट पाडून. पत्ते बदलले की हात अडखळत असेल तर पाठ झालेत ते आकडे, हे लगेच कळतं.

इंटरफेसला पत्ते दिलेत. आता आर१ च्या बाजूला नो शटडाऊन द्या, आर२ च्या बाजूला मुद्दाम देऊ नका. शो आयपी इंटरफेस ब्रीफ टाइप करण्याआधी लिहा: आर१ वर काय दिसेल आणि आर२ वर काय दिसेल? राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, त्यामुळे आर२ वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’ दिसेल. आर१ चा इंटरफेस तुम्ही सुरू केलाय, तरी इथरनेटची दुसरी बाजू बंद असल्याने तिथे नुसतं ‘डाऊन, डाऊन’ दिसेल. एका शब्दाचा फरक आहे, पण तुम्हाला कुठल्या राउटरवर जायचं ते तो सांगतो. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली’ दिसलं की कारण याच राउटरवर आहे. ते नसेल तर केबल किंवा समोरचं टोक बघायचं.

सगळे इंटरफेस सुरू झाले. आता आर१ ला १०.३.३.०/२४ चा रूट द्या, नेक्स्ट हॉप (वाटेतला पुढचा राउटर) १०.०.१२.२. आर२ ला त्याच नेटवर्कचा रूट द्या, नेक्स्ट हॉप १०.०.२३.२. आर३ ला ते नेटवर्क थेट जोडलेलंच आहे. इथे थांबा आणि लिहा: आर१ मागच्या पीसीवरून आर३ मागच्या पीसीला पिंग जाईल का?

पुष्कळ जण इथे ‘जाईल’ लिहितात, आणि पॅकेट खरंच पोचतंही. समोरचा पीसी उत्तर पाठवतो, ते त्याच्या गेटवेला म्हणजे आर३ ला मिळतं. आर३ ला १०.१.१.० कुठे आहे हे माहीतच नसतं, म्हणून तो उत्तर टाकून देतो. पत्ता सापडत नसल्याचा निरोपही तो ज्याच्याकडून पॅकेट आलं त्यालाच, म्हणजे समोरच्या पीसीला पाठवतो. तुमच्या पीसीवर फक्त वेळ संपल्याचं दिसत राहतं. मग आर३ ला परतीचा रूट द्या, नेक्स्ट हॉप १०.०.२३.१, आणि पुन्हा लिहा: आता जाईल? अजूनही नाही, कारण उत्तर आता आर२ पर्यंत येतं आणि आर२ ला १०.१.१.० माहीत नाही. तिथेही रूट दिलात की मग पिंग जातो. पहिलं एखादं पॅकेट हरवलं तर दचकू नका, वाटेत कुठेतरी समोरच्याचा मॅक पत्ता एआरपीने विचारला जात असतो आणि तेवढ्यात मुदत संपते.

जाण्याची वाट आणि परतीची वाट वेगवेगळी ठरते, प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या टेबलावरून ठरवतो, हे वाचून सगळ्यांना पटलेलं असतं. पण आपण लिहिलेलं ‘जाईल’ पडद्यावर खोटं ठरतं तेव्हा ते पक्कं होतं. म्हणून अंदाज मनात धरू नका, लिहाच. मनातला अंदाज उत्तर दिसल्यावर हळूच बदलतो आणि आपल्याला आधीच माहीत होतं असं वाटायला लागतं.

अजून एक पाऊल पुढे. पीसी ते पीसी पिंग जातोय, सगळं ठीक आहे. आता आर१ वर जाऊन राउटरवरूनच समोरच्या पीसीला पिंग करा. आधी लिहा.

जाणार नाही. राउटरवरून साधा पिंग निघतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून तो बाहेर पडतो त्याचा पत्ता स्रोत म्हणून लागतो, म्हणजे इथे १०.०.१२.१. समोरचा पीसी त्या पत्त्याला उत्तर देतो आणि आर३ कडे १०.०.१२.०/३० चा रूट नाही. तोच पिंग स्रोत १०.१.१.१ देऊन केलात तर लगेच जातो. नेटवर्कमध्ये काहीही बिघडलेलं नसताना केवळ चुकीच्या जागेवरून तपासल्यामुळे माणसं तासन्‌तास शोधत बसतात. हा एक प्रयोग तुम्ही स्वतः केलात तर पुढे ‘कुठून कुठे पिंग केला’ हे विचारल्याशिवाय कुणाच्याही पिंगवर विश्वास ठेवणार नाही.

राउटरवरच्या पिंगच्या निकालातली टिंबं आणि अक्षरंही वाचायला शिका. टिंब म्हणजे उत्तर आलं नाही. आर२ वरचा १०.३.३.० चा रूट काढून आर१ वरून पिंग करा. आता टिंबांच्या मध्ये ‘यू’ हे अक्षर दिसेल. पुढे वाट नाही असा निरोप आर२ कडून येतोय आणि तो तुमच्यापर्यंत पोचतोय, असा त्याचा अर्थ. असे निरोप आयओएस, म्हणजे सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम, पाठोपाठ पाठवत नाही, दोन निरोपांमध्ये मूळ सेटिंगला अर्धा सेकंद ठेवतो, म्हणून मधेमधे टिंबं येतात. याउलट परतीची वाट तुटली असेल तर फक्त टिंबं. ‘यू’ दिसला तर जाण्याच्या वाटेवर बघा. नुसती टिंबं दिसली तर परतीचा संशय आधी घ्या, अर्थात मधे एखादी अ‍ॅक्सेस लिस्ट (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं त्या नियमांची यादी) किंवा फायरवॉल नसेल तर.

एका साध्या स्टॅटिक रूटच्या लॅबमध्ये एवढं आहे. पुस्तिकेत ती चार ओळींत संपली असेल.

आता मोडण्याबद्दल. स्टॅटिक रूट काढून टाका, तिन्ही राउटरांवर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालवा, सगळं एरिया ० मध्ये ठेवा, फाइल सेव्ह करा. शो आयपी ओएसपीएफ नेबरमध्ये ‘फुल’ दिसलं, रूट आले, पिंग गेला. इथून एका वेळी एकच गोष्ट बिघडवायची आणि प्रत्येक वेळी आधी लिहायचं: शेजारी तुटेल का, तुटला तर लगेच की काही वेळाने, आणि राउटिंग टेबलातून कुठली ओळ जाईल.

आर२ च्या आर३ कडच्या इंटरफेसवर हॅलोची (शेजाऱ्याला ठरावीक वेळाने जाणाऱ्या निरोपाची) वेळ १० वरून ५ सेकंद करा. इथरनेटवर हॅलो १० सेकंदांनी जातो आणि डेड टायमर, म्हणजे हॅलो न आल्यास शेजारी गेला असं धरण्याची मुदत, त्याच्या चौपट, ४० सेकंद असतो. हॅलो बदललात की डेड टायमरही आपोआप २० होतो, आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळेनासे होतात. पण त्या क्षणी काहीच घडत नाही. शेजारी टेबलात दिसत राहतो, पिंग जात राहतो, आणि टायमर संपला की मग तुटतो. जो माणूस बदल करून पाच सेकंदांत ‘काही झालं नाही’ म्हणत पुढच्या बदलाकडे गेला, त्याला नंतर कळतच नाही की कोणत्या बदलामुळे तुटलं. बदल केल्यावर थांबायचं, ही सवय लॅबमध्येच लागते.

मग ते पूर्ववत करा आणि त्याच इंटरफेसला पॅसिव्ह करा. हॅलो जाणं बंद होतं, शेजारी जातो. पण त्या इंटरफेसचं नेटवर्क इतरांना जाहीर होणं बंद होतं का? नाही होत. पीसी असलेल्या लॅनचे इंटरफेस म्हणूनच पॅसिव्ह ठेवतात: तिथे बोलायला दुसरा राउटर नसतो, पण ते नेटवर्क सगळ्यांना कळायला हवं असतं. हा फरक स्वतः मोडून पाहिला की तो आदेश कुठे द्यायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

असं चार-पाच वेळा मोडलं की एक मोठी गोष्ट हाती लागते. ओएसपीएफची तक्रार तीनच तऱ्हांनी समोर येते. शेजारी अजिबात दिसत नाही, किंवा दिसतो पण मधेच कुठेतरी अडकलेला असतो, किंवा ‘फुल’ असतो तरी हवा तो रूट येत नाही. अजिबात दिसत नसेल तर हॅलो पोचत नाहीत किंवा जुळत नाहीत: एरिया, सबनेट मास्क, टायमर, ऑथेंटिकेशन, पॅसिव्ह इंटरफेस, किंवा नेटवर्क ओळीतला चुकलेला वाइल्डकार्ड मास्क. ‘एक्स्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’वर अडकला असेल तर पहिला संशय दोन बाजूंच्या एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार). ‘फुल’ असून रूट नसेल तर शेजाऱ्याशी भांडण नाहीच, ते नेटवर्क कुणी जाहीर केलंय का तेवढं बघायचं. अपवादही लक्षात ठेवा. एकाच स्विचवर चार राउटर असतील तर डीआर आणि बीडीआर (त्या जोडणीवर निवडलेला मुख्य राउटर आणि त्याचा राखीव) सोडून उरलेले दोघे एकमेकांशी ‘टू-वे’वरच थांबतात आणि ते बरोबर असतं. तीन राउटरांत हे दिसणार नाही, चौथा जोडून बघा.

तुमच्या पुस्तिकेत ‘ट्रबलशूटिंग’ म्हणून शेवटी एक वेगळं प्रकरण असेल. माझ्या मते ते शेवटी ठेवणं हीच अडचणीची सुरुवात आहे. ते प्रत्येक लॅबच्या दुसऱ्या अर्ध्यात असायला हवं.

मोडताना एक पथ्य पाळा. दुरुस्तीसाठी केलेला बदल लागू पडला नाही तर तो आधी मागे घ्या, मग पुढचा करा. नाहीतर तीन बदलांनंतर तुमच्यासमोर मूळ बिघाड आणि वर तुमचे तीन नवे बिघाड असतात. आणि स्वतः मोडलेलं स्वतःला आठवतं, म्हणून मैत्रिणीला कामाला लावा. तिला अजून लॅब करायच्याच आहेत ना, मग सेव्ह केलेली फाइल तिला द्या, तिने एक गोष्ट बिघडवून परत द्यावी, तुम्ही तिची फाइल बिघडवावी. कुणी नसेल तर चार-पाच फाइली वेगवेगळ्या तऱ्हेने मोडून ठेवा, नावं क्रमांकाने द्या आणि आठवड्याभराने उघडा. तोवर कुठल्या फाइलमध्ये काय केलं होतं ते बरंच विसरलेलं असतं.

काही लॅब चालल्यासारख्या दिसतात आणि तरी खोटा धीर देतात. फ्लोटिंग स्टॅटिक रूट हे याचं उत्तम उदाहरण. मुख्य रूट एका वाटेने, आणि दुसऱ्या वाटेने जास्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटवरच्या भरवशाचा आकडा, कमी असेल त्याला पसंती) दिलेला राखीव रूट. पुस्तिका सांगते, केबल काढा, राखीव रूट टेबलात येतो, टिक करा. येतो खरा, कारण दोन राउटर थेट जोडलेले होते. आता दोघांच्या मध्ये एक स्विच ठेवा आणि समोरच्या राउटरचा इंटरफेस बंद करा. तुमच्या राउटरची केबल स्विचला आहे, स्विच चालू आहे, म्हणून तुमचा इंटरफेस सुरूच राहतो. नेक्स्ट हॉपचं नेटवर्क अजून थेट जोडलेलं दिसतं, मुख्य रूट टेबलातच राहतो, आणि सगळे पॅकेट अशा पत्त्याकडे जात राहतात जिथे घ्यायला कुणी नाही. राखीव रूट बाहेर बसून राहतो. हीच मांडणी ओएसपीएफने केलीत तर डेड टायमर संपल्यावर राउटरला कळतं, कारण तिथे हॅलो यायचे थांबतात. स्टॅटिक रूट की राउटिंग प्रोटोकॉल, या प्रश्नावर पानंच्या पानं वाचण्यापेक्षा एवढं एकदा करून बघा.

त्याच आकृतीत आणखी एक अंदाज लिहा. १०.३.०.०/१६ चा स्टॅटिक रूट एका वाटेने दिलाय, १०.३.३.०/२४ ओएसपीएफकडून दुसऱ्या वाटेने आलाय. स्टॅटिकचा डिस्टन्स १, ओएसपीएफचा ११०. १०.३.३.१० ला जाणारं पॅकेट कुठून जाईल? ओएसपीएफच्या वाटेने. आधी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स बघितला जातो, म्हणजे इथे /१६ पेक्षा /२४. डिस्टन्सचा प्रश्न येतो तो अगदी त्याच नेटवर्कचे आणि त्याच मास्कचे दोन दावेदार असतील तेव्हाच. परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे, इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त, आणि राउटिंग टेबल वाचून वाट सांगणं हा त्याचा गाभा आहे.

अ‍ॅक्सेस लिस्ट, नॅट, एसएसएच यांच्या लॅब याच रीतीने करा, प्रत्येकावर इथे लिहीत बसत नाही. एकच सुचवते. ओएसपीएफ चालू असलेल्या इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेने अशी लिस्ट लावा की ज्यात फक्त टीसीपीला परवानगी आहे. टीसीपीची सत्रं चालू राहतील, तुम्हाला वाटेल जमलं. पण लिस्टच्या शेवटी न लिहिलेला नकार असतो, त्यात ओएसपीएफचे हॅलोही अडतात, आणि ४० सेकंद भरायच्या आत-बाहेर शेजारी जातो. आता तीच लिस्ट बाहेर जाणाऱ्या दिशेने लावून बघा आणि आधी अंदाज लिहा. राउटरने स्वतः तयार केलेले पॅकेट त्याच्याच बाहेर जाणाऱ्या लिस्टमध्ये तपासले जात नाहीत, म्हणून शेजारी टिकतो.

हे सगळं झालं की मग रिकाम्या टोपोलॉजीकडे या. परवा तुम्ही थेट तिथे उडी घेतली होती. क्रम कागदावर सुरू करा, राउटरवर नको: आकृती, पत्ते, कुठल्या राउटरला कुठली नेटवर्कं थेट दिसतात, कुठली शिकवावी लागतील. एवढं लिहिलंत की पुढची ओळ कुठली हा प्रश्न जवळजवळ उरत नाही, कारण प्रत्येक राउटरला काय माहीत नाही त्याची यादीच समोर असते. अडलात तर पुस्तिका उघडू नका, प्रश्नचिन्ह टाइप करा. आयओएस त्या ठिकाणी चालणारे शब्द स्वतः दाखवतं, आणि त्यातून योग्य शब्द ओळखणं हा फार उपयोगी सराव आहे. तीच टोपोलॉजी दोन-तीन दिवस मधे सोडून पुन्हा शून्यातून बांधा. मधल्या दिवसांत थोडं विसरलेलं असणं चांगलंच, ते पुन्हा आठवून काढताना पक्कं होतं.

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल. खरे राउटर घेणं वाईट नाही, पण तुमच्या अडचणीवर ते औषध नव्हे. पायऱ्या बघून टाइप करण्याची पद्धत खऱ्या राउटरवर नेलीत तरी तीच राहील. पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर आहे, त्यात आयओएसचे निवडकच आदेश असतात, त्यामुळे एखादा आदेश ‘चुकीचा’ आला तर आपणच चुकलो असं धरू नका. सीसीएनएच्या राउटिंगसाठी तरी ते पुरतं. जिथे अपुरं पडेल, उदाहरणार्थ एमटीयूचा प्रयोग, तिथे सिस्को मॉडेलिंग लॅब्सची मोफत आवृत्ती वापरा. त्यात एका वेळी ५ नोड चालतात, म्हणजे तुमचे तीन राउटर आणि दोन पीसी बरोबर बसतात. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजीही चांगली आहेत, पण त्यांत आयओएसची इमेज तुम्हाला स्वतः रीतसर मिळवावी लागते आणि मांडणीत वेळ जातो. दोन महिन्यांत तो वेळ मी राउटिंगला देईन. खऱ्या राउटरवर करण्यासारखी एक गोष्ट म्हणजे पासवर्ड रिकव्हरी: कन्सोल केबल लावून, सुरू होताना थांबवून, कॉन्फिगरेशन रजिस्टर ०x२१४२ करायचा, म्हणजे राउटर एनव्हीरॅममधलं स्टार्टअप कॉन्फिगरेशन बाजूला ठेवून उठतो, आणि काम झाल्यावर तो परत ०x२१०२ करायचा. कुणाकडे राउटर असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या.

प्रश्नांचा संच डिलीट करा. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं सिस्कोच्या परीक्षेच्या अटींविरुद्ध आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. पण मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. तुम्ही आज ज्या जागी अडलात, म्हणजे काय करायचं हे स्वतः ठरवण्याच्या जागी, तिथेच तो संच तुम्हाला कायमचं ठेवेल, आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर समोर खरं नेटवर्क असेल. त्या सहकाऱ्याला रागावू नका, त्याला मदतच करायची होती. तुमच्या मोडलेल्या फाइलींपैकी एक त्यालाही पाठवा.

परीक्षेच्या दिवसापुरतं थोडं. वेळ १२० मिनिटं असते आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. म्हणून लॅबचा प्रश्न आला की आधी त्यातली सगळी कामं शेवटपर्यंत वाचा, मग शो आदेशांनी आधीपासून काय लिहिलेलं आहे ते बघा, मगच बदल करा. कामात सांगितलं असेल तर कॉन्फिगरेशन सेव्ह करा. ही सवय लागावी म्हणून घरी एकदा मुद्दाम सेव्ह न करता राउटर रीलोड करा. रनिंग कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं, ते पूर्ण जातं, आणि ते रिकामं झालेलं एकदा पाहिलं की हात आपोआप त्या आदेशाकडे जातो. डीबगही घरीच मनसोक्त वापरा, हॅलो का नाकारला गेला ते तो शब्दांत सांगतो, फक्त उठताना अनडीबग ऑल द्या.

रोज रात्री थकून बसता, तर रोज नवी टोपोलॉजी बांधू नका. कामाच्या दिवशी एक मोडलेली फाइल पुरे, अर्ध्या तासात होते. सुट्टीच्या दिवशी शून्यातून बांधा. वहीत प्रत्येक फाइलसाठी तीन ओळी लिहा: काय दिसलं, मला काय वाटलं होतं, आणि कुठल्या शो आदेशाने उलगडलं. महिनाभरात त्या तिसऱ्या ओळीत तेच चार-पाच आदेश पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. तेच तुमचे कामाचे आदेश.

तारखेचं असं करा. परीक्षेच्या तीन आठवडे आधी एका सुट्टीच्या सकाळी तीन राउटर, दोन लॅन, नवे पत्ते घेऊन पुस्तिकेशिवाय ओएसपीएफ उभं करा आणि मैत्रिणीने मोडलेल्या तीन फाइली लागोपाठ दुरुस्त करा. कारण शब्दांत सांगता आलं तर तारीख तशीच ठेवा. हात अडला तर तारीख पुढे घ्या, मात्र त्याआधी बदलाची मुदत किती दिवस आधी संपते ते आजच परीक्षेच्या नोंदणीत बघून ठेवा. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा कुठल्या शो आदेशात काय दिसत होतं, ते जसंच्या तसं उतरवून पाठवा.